कुरळे केस, तेलकट टाळू आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताप

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 27, राहायला पुण्यात वाकडला, सोसायटीत कधी बोअरचं तर कधी टँकरचं पाणी. केस कुरळे, खांद्याखालपर्यंत. घरात आई आणि बहिणीचे मात्र सरळ. टाळू दुसऱ्याच दिवशी चिकट होते, खाज सुटते, कोंडा पडतो आणि टोकं कोरडी ठणठणीत. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, नोव्हेंबरपासून केस मूठमूठ गळतायत. आई म्हणते तेल सोडलंस म्हणून, पार्लरवाली ताई म्हणते केस सरळ करणारं स्मूदनिंग करून घे, मैत्रीण म्हणते बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू कर. फेब्रुवारीत लग्न आहे. काय करू?

त्वचारोगाच्या दवाखान्यात मला 22 वर्षं झाली. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: गळणं, कोंडा आणि केसांचा पोत. तिघांची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे आहेत. सगळ्यांवर एकच तेल किंवा एकच बाटली शोधायला गेलं की गोंधळ होतो. टाळू ही जिवंत कातडी आहे. तिला रक्त मिळतं, तिला घाम येतो, ती आजारी पडते आणि बरी होते. टाळूच्या बाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो, नखासारखा. त्याला आपण जपू शकतो, पण खाऊ घालू शकत नाही. पुढचं सगळं यावरून ठरतं.

आधी गळण्याबद्दल, कारण झोप त्यानं उडाली आहे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो. शेवटी खालून नवा केस येतो आणि जुना सुटतो. एरवी शंभरातले 85 ते 90 केस वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून रोज 50 ते 100 केस गेले तरी डोकं भरलेलंच दिसतं. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, असा जोराचा धक्का बसला की शरीर केस वाढवण्याचं काम बाजूला ठेवतं आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. पण ते गळतात लगेच नाही. दोन-तीन महिन्यांनी, विश्रांती संपल्यावर. ऑगस्टचा डेंग्यू आणि नोव्हेंबरची गळती हा हिशोब अगदी तंतोतंत बसतो. तेल तुम्ही सोडलंत की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

कंगव्यातला एक केस घेऊन उजेडात धरा. एका टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढाही नाही असा ठिपका दिसेल. हा ठिपका पाहून पुष्कळ जणी घाबरतात, मूळच निघून आलं असं वाटतं. तसं नाही. विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाचं ते टोक आहे. मूळ टाळूच्या आत शाबूत असतं. ठिपका नसेल आणि केस मध्येच तुटलेला, तुकड्यासारखा असेल, तर ती गळती नव्हे, तूट आहे. तिची कारणं उष्णता, केमिकल, ओढाताण अशी असतात. माझ्याकडे एक बाई तीन महिन्यांची गुंतवळ तारखा घातलेल्या पुड्यांमध्ये घेऊन आल्या होत्या. टेबलावर आम्ही दोघींनी मिळून ती भिंगाखाली पाहिली. पहिल्या दोन महिन्यांच्या पुड्यांत ठिपकेवाले केस, तिसऱ्या पुडीत नुसते तुकडे. मधल्या काळात गळती थांबवण्यासाठी म्हणून त्यांनी एक जहाल ‘ट्रीटमेंट’ करून घेतली होती. गळती थांबत आली होती, तूट त्या ट्रीटमेंटनं सुरू केली.

कुरळ्या केसांची आणखी एक गोष्ट. सरळ केस सुटला की घरंगळून खाली पडतो. कुरळा केस सुटूनही बाकीच्या केसांत अडकून राहतो. तुम्ही चार दिवसांनी केस धूत असाल, तर चार दिवसांचे सुटलेले केस एकाच वेळी हातात येतात आणि न्हाणीघराची जाळी भरते. 300 केस दिसले तर त्याला चारनं भागून बघा.

तरीही दोन तपासण्या मी टाळणार नाही: रक्तातलं लोह आणि थायरॉइड. लोहासाठी नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन बघायला हवं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हा आकडा आठवला की केसांचं औषध लिहिण्याआधी माझा हात रक्ताच्या चिठ्ठीकडे जातो. शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा बघा. लोहाची गोळी लागली तर ती चहासोबत घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

बायोटिन मात्र नको. बायोटिनची खरी कमतरता फारच दुर्मीळ आहे आणि ती नसताना गोळीनं केस वाढतात याला आधार नाही. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये तसा इशारा दिला आहे. मैत्रिणीची बाटली आधीच उघडली असेल तर ती थांबवा, रक्त द्यायला जाण्याआधी काही दिवस तरी, आणि लॅबमध्ये तसं सांगा.

केस आतल्या घडामोडी किती लवकर सांगतात, हे आपण महाराष्ट्रात अलीकडेच पाहिलं. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत झपाट्यानं गेले. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा, मग शाम्पूचा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि खाण्यातला गहू तपासून घेतला, तेव्हा सगळीकडे सेलेनियम या खनिजाचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं. सेलेनियम केसांना चांगलं म्हणून गोळ्यांत मिसळून विकलं जातं, आणि तेच जास्त झालं की केस घालवतं. त्या गावांतल्या लोकांना दिवस काढणं किती अवघड झालं असेल, याची कल्पना माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला येईल. लोक त्यांच्याजवळ यायला बिचकत होते. केस गेलेल्या माणसाला संसर्गजन्य समजण्याची आपली सवय जायला हवी.

आता पोताकडे येऊ. केस कुरळा का होतो? टाळूच्या आत केसाची जी पिशवी असते ती सरळ उभी असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. आडवा छेद घेतला तर सरळ केस बराचसा गोल दिसतो, कुरळा लंबगोल किंवा चपटा. हे वळण जन्माचं आहे आणि आईचे केस सरळ असूनही तुम्हाला ते मिळू शकतं. 1 ते 4 आकडे आणि ए, बी, सी अक्षरं असलेला जो तक्ता सगळीकडे फिरतो, तो ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी 1990 च्या दशकात मांडला: 1 म्हणजे सरळ, 2 लहरी, 3 कुरळे, 4 अगदी घट्ट वेटोळे. बोलायला तो सोयीचा आहे, पण त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका. तो फक्त वळण सांगतो. केस बारीक की जाड, दाट की विरळ, टाळू तेलकट की कोरडी, हे तो सांगत नाही, आणि बाटली निवडताना याच गोष्टी जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडे तर एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार सर्रास दिसतात: कपाळाशी लहरी, मानेशी घट्ट कुरळे.

घरी असं बघा. शाम्पूनं केस धुवा, काहीही लावू नका, विंचरू नका, वाऱ्यावर वाळू द्या. जे वळण दिसेल ते तुमचं खरं वळण. एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवा आणि चिमटीत फिरवा. जेमतेम जाणवला तर बारीक, दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. टाळूसाठी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांगावर टिश्यू पेपर दाबून धरा. कागद पारदर्शक झाला तर टाळू तेलकट. पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची जी चाचणी सांगतात, ती सोडून द्या. केसाला लागलेलं तेल आणि अडकलेला हवेचा बुडबुडा यांवरच तिचा निकाल ठरतो.

तुमची टाळू तेलकट आणि टोकं कोरडी यात विसंगती काहीच नाही. टाळूतल्या ग्रंथी तेल सोडतात. सरळ केसावरून ते घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडतं. म्हणून मुळाशी साठतं आणि टोकाला पोचत नाही. तुमच्या आईचे सरळ केस तेल न लावताही तुळतुळीत दिसतात, ते यामुळेच. तिचा अनुभव तिच्या केसांपुरता खरा आहे.

म्हणून शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना, ही सवय लावा. आपल्याकडे सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यांसारखे चोळायची पद्धत आहे. गुंता तिथेच होतो. डोकं सरळ ठेवा. शाम्पू मगात थोड्या पाण्यात कालवा, बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) भांग पाडत टाळूला लावा. फेस वाहत खाली येतो, लांबीला तेवढा पुरतो. मग कानाखालच्या केसांना भरपूर कंडिशनर लावा आणि ते केसांवर असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून वर वर गुंता सोडवा. कुरळे केस विंचरायची हीच वेळ. वाळल्यावर फणी फिरवली की वळण मोडतं, केस फुलतात आणि तुटतात. सरळ केसांचं नेमकं उलट आहे: ओला केस ताणला की तुटतो आणि सरळ केसांत तसा गुंता नसतो, तेव्हा त्यांनी जरा वाळल्यावर विंचरावं. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या आणि केस त्यात नुसते दाबा. हे एवढं जरी महिनाभर केलंत, तरी टोकांचा झाडूसारखा फुललेला भाग कमी झालेला दिसेल.

तेलाबद्दल मला आईशीही बोलायचं आहे, कारण तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 2003 मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. धुण्याच्या आधी किंवा नंतर लावलं तर केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेल तेलानं कमी झालं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनच हे वाचावं. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ असल्यानं केसाच्या आत शिरू शकतं. तेव्हा न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावा, पण फक्त लांबीला आणि टोकांना.

टाळूला नको, निदान कोंडा आहे तोवर. कोंडा म्हणजे कोरडेपणा, असं वाटतं आणि म्हणून हात तेलाकडे जातो. खरं तर आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, राहते. तिला जगायला स्निग्ध पदार्थ लागतात. ते ती स्वतः बनवू शकत नाही. तेलकट टाळूवर ती फोफावते, तिनं तेल फोडून तयार केलेली आम्लं टाळूला झोंबतात आणि कातडी भराभर सुटायला लागते. वर तेल ओतलं की पापुद्रे चिकटून बसतात, एक दिवस कोंडा गेल्यासारखं वाटतं, आणि यीस्टला मात्र जेवण मिळतं. रात्रभर तेल ठेवून सकाळी खाजवत आलेल्या मुली मी रोज बघते. लिंबू चोळूनही हे बरं होत नाही, खरवडलेल्या टाळूची आग तेवढी होते.

कीटोकोनॅझोल हे बुरशीनाशक 2 टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे वापरा. टाळूला लावून पाच मिनिटं थांबायचं, मग धुवायचं. बहुतेक जणी लगेच धुऊन टाकतात आणि शाम्पू लागू पडला नाही म्हणतात. त्यानं कुरळे केस कोरडे होतात, म्हणून आधी लांबीला खोबरेल आणि नंतर कंडिशनर. चार आठवड्यांनंतर पंधरवड्यातून एकदा पुरे. कोंडा समूळ जात नाही, आटोक्यात राहतो. थंडीत आणि जागरणाच्या दिवसांत तो डोकं वर काढतो, तेव्हा पुन्हा दोन आठवडे. लालसर, जाड, कपाळाच्या कडेबाहेर येणारे चट्टे असतील तर तो सोरायसिस असू शकतो. ते दाखवून घ्या. दिवाळीचं अभ्यंग चुकवू नका, त्या सकाळच्या तेलानं काही बिघडत नाही, फक्त तेल तासाभरात धुऊन टाका.

शिकेकाई आणि रिठ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आई विचारेल. दोन्हींत फेस करणारी नैसर्गिक द्रव्यं आहेत आणि सरळ, लांब केसांना शिकेकाई छान मानवते. कुरळ्या केसांत मात्र तिचा भुगा अडकून बसतो आणि तो काढताना केस तुटतात. वापरायचीच असेल तर उकळून, फडक्यातून गाळून घ्या.

पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. बादलीवर पांढरा थर दिसतो ना, तोच केसावरही बसतो. त्यानं केस खरखरीत आणि निस्तेज होतो, गुंता वाढतो, म्हणून तूट वाढते. मुळापासून गळती त्यानं होत नाही. अंगाच्या साबणानं केस कधीच धुऊ नका, अशा क्षारांच्या, म्हणजे जड पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते. महिन्यातून एकदा साचलेला थर काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा आणि शेवटचे दोन मग पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्या. नळाला लावायचे जे छोटे फिल्टर विकतात, ते गाळ आणि थोडं क्लोरीन अडवतात, जडपणा काढत नाहीत. ते पैसे कंडिशनरला वापरा.

आता स्मूदनिंग. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते केवळ केस खराब होतील म्हणून नाही. त्यासाठी लावतात त्या क्रीममध्ये पूर्वी फॉर्माल्डिहाइड हे रसायन असायचं, अजूनही काहींत असतं आणि गरम इस्त्रीखाली ते वाफेतून डोळ्या-नाकात जातं. ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या पुष्कळ क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 26 वर्षांच्या एका तरुणीची हकिकत आली. 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा तिनं पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. ते क्रीम उंदरांच्या कातडीला लावलं तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. असं प्रत्येकीला होत नाही. पण डेंग्यूतून उठलेल्या शरीरावर, कोंड्यानं सोललेल्या टाळूवर, लग्नाच्या तोंडावर हा धोका मी माझ्या मुलीला घेऊ दिला नसता. डब्यामागची यादी वाचायला मागा. दाखवली नाही तर उठून या.

हाच नियम काळ्या मेंदीलाही. मेंदी लालसर रंगते; जी पावडर अर्ध्या तासात काळी करते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. त्याची ॲलर्जी झाली तर डोळे मिटण्याइतका चेहरा सुजतो. कानामागे ठिपकाभर लावून 48 तास थांबल्याशिवाय डोक्याला लावू नका, आधी दहा वेळा लावली असली तरीही.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध कुणी सुचवलं तर सध्या गरज नाही. भांग हळूहळू रुंद होणाऱ्या अनुवांशिक विरळपणात ते उपयोगी आहे, त्याला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की फायदा ओसरतो. तुमच्या घरात आईचा किंवा मावशीचा भांग असा रुंद झालेला असेल तर मात्र मला ते कळायला हवं, कारण तापानंतरच्या गळतीआड तो प्रकार लपू शकतो. आज दिवसाच्या उजेडात भांगाचा एक फोटो काढून ठेवा, दर महिन्याला त्याच जागी उभं राहून दुसरा. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई आहे. केस कुठल्याही किड्यानं खाल्लेला नसतो, आपलीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर उलटलेली असते. तिथं लसूण किंवा ॲसिड चोळून जखमा करून घेऊ नका, सरळ या. आणि कुरळ्या केसांत कधी गाठ बसून जट झाली, तर ती तेल-कंडिशनर लावून सोडवायची किंवा कापायची. या एका गोष्टीसाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बायकांच्या मानेवरचं ओझं उतरवलं आहे. देवीचा कोप कुणावर झाला नाही.

लग्नाच्या दिवशीच्या केसांबद्दल. आंबाडा घालायला हरकत नाही, पण कपाळाशी ताण पडेल इतका घट्ट नको आणि साखरपुडा, मेंदी, हळद, लग्न असे सलग चार दिवस तर नकोच; त्या ओढीनं कपाळाची कड मागे जाते. गंगावन लावलं तर त्याचं वजन एका बटेवर टाकू नका. फेब्रुवारीपर्यंत तुमच्या कपाळाशी आणि भांगाजवळ दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड केस उभे राहिलेले दिसतील. ते बसवायला म्हणून कुणी जेल लावून इस्त्री फिरवायला निघेल, ‘केस तुटलेत’ असंही म्हणेल. त्यातला एक केस चिमटीत धरून टोक बघा. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं. नव्या केसाचं टोक निमुळतं, सुईसारखं असतं. ते निमुळतं असेल तर ओल्या बोटानं केस मागे सारा आणि वर गजरा माळा.